पारोळ्याला न पोहोचलेला अभ्यासवर्ग

वकिलाला भर कोर्टात "तुम्ही हे वाचलंय का?" असं विचारू नये. डॉक्टरांना पेशंटसमोर कोणी विचारतं का, की तुम्ही शेवटचं पुस्तक केव्हा उघडलं होतं? पण जळगावच्या आमच्या मोटार अपघात कोर्टाच्या जजसाहेबांनी मला नेमकं तेच विचारलं, आणि तेही माझी अशील झुंबरबाई मागच्या बाकावर बसलेली असताना.

"सोनवणे वकील, मोटार कायद्यात नुकतीच दुरुस्ती झाली म्हणतात. पाहिली का तुम्ही?"

"पाहतो आहे, साहेब," मी म्हणालो.

हे फार गुणी उत्तर आहे. त्यात खोटंही नाही आणि खरंही नाही. साहेबांनी मग विमा कंपनीच्या वकिलांकडे, म्हणजे रतिलालभाईंकडे मान वळवली. रतिलालभाई माझे विरोधी वकील. कुठल्याही बाबतीत माझ्याशी सहमत व्हायचं नाही, याचेच त्यांना पैसे मिळतात. पण त्या दिवशी ते म्हणाले, "मीही पाहतोच आहे, साहेब."

"मग दोघांचं पाहून झालं की या," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढची तारीख दिली. मागे कोणीतरी हसलं. ते कोण हे मला माहीत आहे, पण त्यांचं नाव घेत नाही, कारण ते पुढे आमच्याबरोबर खड्ड्यात होते.

झुंबरबाईचा दावा सरळ होता आणि वाईट होता. अमळनेर रस्त्यावर तिच्या नवऱ्याला जीपने उडवलं. तेव्हाच्या कायद्याने असा दावा फार तर वर्षाच्या आत लावायचा. तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर, म्हणाला, थांब, जीपवाल्याशी बोलणं चाललंय. ते बोलणं चालता चालता वर्ष उलटलं आणि मग ती माझ्याकडे आली. मी दावा लावला. रतिलालभाईंनी उत्तरात एवढंच लिहिलं, की मुदत गेली. मला ठाऊक असलेला कायदा त्यांच्या बाजूने होता. प्रत्येक तारखेला ती एस.टी.ने यायची, पुकारा झाला की व्हरांड्यात पायऱ्यांवर जाऊन बसायची आणि मी बाहेर आलो की विचारायची, "भाऊ, काय व्हयनं?" मी म्हणायचो, "तारीख पडली." ज्या दिवशी याहून वेगळं उत्तर द्यावं लागेल त्या दिवसाची मला धास्ती होती.

आता तुम्ही म्हणाल, दुरुस्ती झाली तर वाचायची, त्यात काय एवढं. ज्यांना हे सोपं वाटतं ते मोठ्या शहरात राहतात. दिल्लीत मंजूर झालेला कायदा मुंबईपर्यंत मेलने येतो, पण तिथून जळगावला पॅसेंजरने येतो आणि वाटेत मनमाडला त्याची गाडी चुकते. आमच्या ग्रंथालयाकडे राजपत्र येणं कधीच बंद झालेलं. मी मुंबईहून व्ही.पी.ने पुस्तक मागवलं. पार्सल सोडवून घेतलं, तर आत वजन-मापांचा कायदा निघाला. सुंदर छपाई होती.

म्हणून मी बाररूममध्ये चहा पिता पिता म्हणालो, "अपघाताच्या दाव्यांवर एखादा अभ्यासवर्ग घ्यायला हवा." मराठीत 'घ्यायला हवा' याला कर्ता लागत नाही, म्हणूनच मी ते वापरलं होतं. आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी तिथल्या तिथे कर्ता पुरवला. "हिलालभाऊ, उत्तम. तुम्ही घ्या. धुळ्याच्या वकिलांनाही बोलवा, त्यांनाही काही येत नाही."

धुळ्याचे वकील आनंदाने तयार झाले. फक्त वर्ग धुळ्याला व्हावा, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांच्यातले ज्येष्ठ नासीर वकील फोनवर म्हणाले, "हिलालभाऊ, तुम्हाला काही येत नाही हे आम्ही इथे मनावर घेत नाही. तुम्ही या, आम्ही शिकवून पाठवू." हे मी आबांना सांगायला नको होतं. आबा म्हणाले, जळगाव सोडून वर्ग कुठेही झाला तर मी राजीनामा देईन. आठवडाभर दोन्ही शहरांची इभ्रत माझ्या फोनच्या तारेवर लोंबकळत होती. शेवटी तोड निघाली ती पारोळ्याची. पारोळं मधे पडतं. दोघांनाही गैरसोयीचं असल्याने कोणाचाही अपमान होत नव्हता.

माझ्या गळ्यात आणखी एक घोंगडं होतं. पिंप्राळ्यात आमच्या शेजारी सुपडूनाना राहतात. बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यापासून नानांनी आमच्या कॉलनीतली सगळी लग्नं पार पाडली आहेत, त्यामुळे जगातला प्रत्येक कार्यक्रम हे एक लग्नच असतं असं त्यांचं मत झालेलं आहे.

"पाहुणे कुठले?" त्यांनी विचारलं.

"पुण्याचे. मोहरील म्हणून मोठे वकील आहेत. अपघाताच्या कायद्यावर पुस्तक आहे त्यांचं."

"मग उतरवून घ्यायला हार, नारळ, टोपी, टॉवेल."

"नाना, व्याख्यान आहे."

"व्याख्यानाला माणूस बोडका येतो का?" नाना म्हणाले. "आणि भरीत. जानेवारीत पुण्याचा माणूस खान्देशात येतो आणि भरीत न खाता जातो, हे मी जिवंत असेपर्यंत होणार नाही. पारोळ्याच्या आचाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. पातेलं इथून न्यायचं. मी सोबत बसतो."

अशा रीतीने नाना अभ्यासवर्गाचे व्यवस्थापक झाले. माझ्या बायकोला वाटलं, मी विरोध करीन. तिला वकिली माहीत आहे, नाना माहीत नाहीत.

लाउडस्पीकरची परवानगी काढायला गेलो. कारकुनाने अर्जावरून नजर फिरवून विचारलं, "लग्न, मयत, धार्मिक की राजकीय?"

"अभ्यासवर्ग."

"तसा रकाना नाही."

"शैक्षणिक म्हणून लिहा."

"विद्यार्थी कोण?"

"वकील."

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "वकील शिकताय?" तो म्हणाला, आणि आतल्या साहेबांना हे सांगायला उठून गेला. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज आला. परवानगी मिळाली ती 'धार्मिक' या सदराखाली, भक्तिगीतांखेरीज काही वाजवणार नाही या हमीवर.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी हार घेऊन जळगाव स्टेशनवर उभा राहिलो. पत्रावर 'एस. व्ही. मोहरील' एवढीच सही असायची. निमंत्रणपत्रिकेवर आम्ही 'श्री. मोहरीलसाहेब' छापलं होतं. मनात माझ्या उंच, चष्मेवाले, सोबत फायली धरणारा ज्युनिअर, अशी आकृती होती. गाडी आली. उंच आणि चष्मेवाले एक गृहस्थ उतरले. मी पुढे होऊन त्यांच्या गळ्यात हार घातला. ते खताच्या कंपनीचे निघाले. त्यांनी हार परत दिला नाही. फलाट रिकामा झाला, मी पुलावर जाऊन पाहिलं, खाली येऊन पाहिलं, आणि तोंड पाडून बाहेर आमच्या मॅटाडोरपाशी आलो. आत पहिल्या बाकावर साठीच्या, बुटक्या, सुती साडीतल्या एक बाई नानांशी वांग्यांविषयी बोलत होत्या.

"या सरोजताई मोहरील," नाना म्हणाले. "टोपी-टॉवेल बाद. मी ओटीचं पाहतो."

बाई म्हणाल्या, "बाहेर 'मोटार अपघात' असा फलक लावलेली एकच गाडी दिसली, म्हणून बसले."

तो फलक नानांनी लावला होता. 'मोटार अपघात अभ्यासवर्ग' असा तो होता, पण कापड पुरलं नव्हतं.

एरंडोल मागे पडेपर्यंत सगळं सुरळीत होतं. गाडी मगनची होती, चालवत मगनच होता. आत जळगावचे सगळे अपघातवाले वकील, माझ्या शेजारी रतिलालभाई, दाराशी नाना आणि नानांच्या गुडघ्यांत भरताचं पातेलं. थोडं पुढे गेल्यावर शेतातल्या चाकोरीतून कापसाने भरलेली एक बैलगाडी एकदम रस्त्यावर आली. मगनने चाक फिरवलं. मॅटाडोर डांबरावरून उतरली, जराशी घसरली आणि कडेच्या पाण्याच्या चारीत, दमलेली म्हैस टेकावी तशी, एका कुशीवर टेकली.

नंतरचा एक क्षण काहीच ऐकू आलं नाही. धूळ, अंधार आणि माझ्या गालावर कोणाचा तरी बूट. मी हजार वेळा लिहिलं असेल, 'अर्जदारास क्षणभर काय झाले हे समजले नाही.' ते खरं असतं हे मला माहीत नव्हतं. मग एकदम आठवलं: बाई. पुण्याहून एकट्या आलेल्या, माझ्या पत्रावरून. मी ओरडलो, "मोहरीलबाई?" उत्तर नाही. पुन्हा हाक मारली तेव्हा बाकाखालून शांत आवाज आला, "मी आहे. पण हे माझ्या अंगावर काय सांडतंय, रक्त आहे का?"

"नाही, ताई," नानांचा रडवेला आवाज आला. "भरीत आहे."

मागच्या दाराने एकेक जण बाहेर आला. सगळे चालत होते. रतिलालभाईंचं मनगट सुजलं होतं, बाईंच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं, बाकीच्यांचं खरचटण्या-मुरगळण्यावर निभावलं होतं. आबा स्वतःचे हात पुढे धरून बोटं हलवून बघत होते. बैलगाडीवाला, झिपरू त्याचं नाव, धावत आला आणि चारीतून एकामागून एक काळे कोट वर येताना पाहून जागीच थांबला.

"मना काय गुन्हा व्हयना, साहेब?" तो कापऱ्या आवाजात म्हणाला.

पण त्या क्षणी सगळ्यांची वकिली शुद्धीवर आली होती. "गाडीला कोणी हात लावू नका," एक जण म्हणाला. "चाकांच्या खुणांवरून चालू नका." "पंचनामा झाल्याशिवाय काही हलवायचं नाही." आम्ही आयुष्यभर अशिलांना हेच सांगत आलो होतो, की गाडी हलवली की केस गेली. आजूबाजूच्या शेतांतून आलेली धडधाकट माणसं म्हणत होती, धक्का देऊन उभी करतो, पाच मिनिटांचं काम आहे. आम्ही त्यांना अडवलं. एका ट्रकवाल्याच्या हाती पोलिसांना निरोप दिला, दुसऱ्याच्या हाती पारोळ्याला नासीर वकिलांना, आणि चारीच्या काठावर निंबाखाली बसून राहिलो.

झिपरूची बायको बेबाबाई घरून हळद घेऊन आली. तिने कोणाला काही न विचारता बाईंच्या कपाळावर लेप दिला, रतिलालभाईंचं मनगट फडक्याने बांधलं आणि म्हणाली, "बठ्ठा हातपाय नीट शेतस ना? मंग पानी प्या. बाकी बठ्ठं नंतर." बठ्ठं म्हणजे सगळं; त्यात आमचा पंचनामाही आला.

हवालदार आले. त्यांनी मैलाच्या दगडाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि सांगितलं, की मागची चाकं त्यांच्या हद्दीत आहेत, पण तोंड पुढच्या ठाण्याच्या हद्दीत आहे. मग पुढच्या ठाण्याचे हवालदार आले. त्यांचं मत पडलं, की अपघात मागच्या चाकांनी केला. यावर बारमधल्या चौघांनी चार वेगवेगळे निवाडे तोंडपाठ सांगितले आणि दोन्ही हवालदार अधिकच ठाम झाले.

"लग्नात वरात जिथे अडते तिथल्या पाटलाने बघायचं असतं," नाना म्हणाले. तोवरच्या युक्तिवादांत हाच त्यातल्या त्यात बरा होता. दोघेही विचारायला आपापल्या साहेबांकडे निघून गेले.

एवढ्यात धुळ्याची मंडळी एस.टी. थांबवून उतरली. पुढे नासीर वकील. त्यांनी आधी आमची डोकी मोजल्यासारखी नजर फिरवली आणि मग श्वास सोडला. "अल्लाचे उपकार. सगळे उभे दिसताय. निरोप्याने सांगितलं होतं, जळगावचा बार संपला."

"तिकडे मंगल कार्यालयात सगळं ठीक आहे ना?" मी विचारलं. संयोजक मेला तरी हे विचारतो.

"एकदम ठीक. तिथे साखरपुडा आहे. मालकाने दोघांकडूनही विसार घेतलाय. आम्हाला नवरीकडचे समजून बसवलं, पोहे दिले. काळे कोट पाहून नवऱ्याकडचे जरा नरमले होते. देण्याघेण्याचं काहीतरी अडलं होतं, ते पटकन मिटलं म्हणे. नवरीचे वडील आम्हाला सोडत नव्हते."

मी डोकं धरून खाली बसलो. हॉल गेला, भरीत गेलं, गाडी आडवी, लाउडस्पीकर भक्तिगीतांसाठी राखीव. दोन्ही जिल्ह्यांचे वकील माझ्याकडे पाहत होते, आणि त्यातले निम्मे माझ्या नावावर जन्मभर पुरेल असा किस्सा मनात जुळवत होते. तेवढ्यात मोहरीलबाई कपाळावरची हळद सावरत उठल्या.

"बसलोच आहोत, तर सुरू करू या," त्या म्हणाल्या. "पण आधी प्रत्येकाने सांगायचं, आज आपल्याला काय झालं."

एक वकील घसा साफ करून म्हणाले, "सदरहू अपघातामुळे मला तीव्र शारीरिक व मानसिक वेदना..."

"असं नको. घरी गेल्यावर बायकोला कसं सांगाल, तसं."

त्यांनी कोटावरची धूळ झटकली. मग म्हणाले, "तिला सांगणारच नाही. घाबरेल."

"हे ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पुढचे."

रतिलालभाईंची पाळी आली. हा माणूस कोर्टात जखमींना विचारतो, पाय दुखतो म्हणजे नक्की किती दुखतो. ते बांधलेल्या मनगटाकडे पाहत हळूच म्हणाले, "गाडी कलली तेव्हा मला मुलीचं तोंड दिसलं. परवा तिला रागावलो होतो. एवढंच." कापसाच्या शेतावरून वारा येत होता. आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचे अशील हेच सांगत असतात," बाई म्हणाल्या. "आपण त्याचं 'तीव्र वेदना' करतो. आता कायद्याकडे वळू."

आणि त्या शिकवू लागल्या. आडव्या मॅटाडोरकडे बोट दाखवत त्यांनी विचारलं, यात चूक कोणाची? मगनची, झिपरूची, की चारी उघडी ठेवणाऱ्याची? आम्ही भांडलो. नासीर वकिलांनी झिपरूची बाजू इतकी सुरेख मांडली, की झिपरूने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मागवून सगळ्यांना जेवू घातलं. जेवता जेवता बाईंनी नवी दुरुस्ती सांगितली, एकेक कलम, साध्या मराठीत. मधेच, घोटभर पाणी पिऊन, त्या म्हणाल्या, "आणि दावा लावायची मुदत काढून टाकली आहे. ते पोटकलमच गेलं."

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"पूर्ण गेलं?" मी विचारलं.

"पूर्ण. जुन्या अपघातांना ते लागू होतं की नाही यावर विमा कंपन्या भांडतील. पण जो दावा आज कोर्टात उभा आहे, तो केवळ मुदतीवर फेकून द्यावा, असं मला तरी वाटत नाही. तसंच मांडा."

मी रतिलालभाईंकडे पाहिलं. ते चटणीकडे पाहत होते. "मी ऐकलं," ते म्हणाले. "तेवढं कळतंय मला."

संध्याकाळच्या आधी पंचनामा झाला. दोन्ही ठाण्यांनी मिळून केला. तो संपल्यावर झिपरूच्या माणसांनी गाडी उभी केली, खरंच पाच मिनिटांत. मगन दिवसभर बाजूला बसून होता. तो आता पुढे आला. "साहेब, बठ्ठा मिळीसन मनावर केस करशात का?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. नासीर वकील म्हणाले, "मगनभाऊ, यातला प्रत्येक जण साक्षीदार आहे, जखमी आहे आणि वकीलही आहे. कोर्टात बसायला बाक पुरायचे नाहीत. जा, गाडी सुरू होते का बघ."

गाडी सुरू झाली. बाईंना आम्ही रात्रीच्या गाडीत बसवून दिलं. निघताना त्या म्हणाल्या, असा वर्ग आपण पुण्यातही घेतलेला नाही. नानांनी नव्याने केलेल्या भरताचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि गाडी हलेपर्यंत झाकण दाबून धरलं. मी घरी आलो. बायकोने काय झालं विचारलं. मी म्हणालो, चांगला झाला. मग झुंबरबाईची फाइल काढून उशाशी ठेवली आणि गादीवर पडलो.

तारखेला झुंबरबाईचा पुकारा झाला. मी उभा राहून दुरुस्ती सांगितली, बाईंनी सांगितली तशी. साहेबांनी रतिलालभाईंकडे पाहिलं. रतिलालभाई उभे राहिले. मनगटाला आता दवाखान्यातलं पांढरं बँडेज होतं. कंपनीचं म्हणणं कागदावर आहे ते आहे, त्याहून अधिक त्यावर मी युक्तिवाद करणार नाही, असं ते म्हणाले आणि बसले. साहेबांनी दोन ओळी लिहून घेतल्या: मुदतीचा आक्षेप फेटाळला, दावा पुढे चालेल.

बाहेर आलो. ती पायऱ्यांवरून उठली. "भाऊ, काय व्हयनं?"

"दावा टिकला, अक्का. मुदतीचं झंझट गेलं. आता तुमची साक्ष होईल."

"म्हंजे माले पुन्हा यानं पडी?"

"हो. यावं लागेल."

"मंग येसू," ती म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं आणि थोडा वेळ भिंतीला टेकून तशीच उभी राहिली, खूप ओझं वाहून आणलेलं माणूस उभं राहतं तशी.

तेवढ्यात रतिलालभाई दारातून बाहेर पडले. तिने त्यांना आजवर फक्त समोरच्या बाजूला उभं पाहिलेलं. तिची नजर त्यांच्या हातावर गेली. "तुमले काय व्हयनं, दादा? भलतं दुखस का?"

विमा कंपनीचे वकील थबकले. इतक्या वर्षांत मी त्यांना कोर्टाच्या आवारात कधी खान्देशी बोलताना ऐकलं नव्हतं.

"दुखस, अक्का," ते म्हणाले. "पन आते बरं शे."